मार्चअखेर, हलगी आणि एक थकीत खातं

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि शहरातल्याच एका कुंभार गल्लीतला गणेशमूर्तिकार यांच्यातल्या व्यवहाराची ही नोंद आहे. अधिकारी बौद्ध. घरात रोज त्रिसरण-पंचशील, पौर्णिमेला विहारात वंदना आणि वंदनेनंतर तासभर आमचा सुत्तवाचनाचा, म्हणजे बुद्धांचे पाली उपदेश वाचण्याचा गट. प्रकरण त्यानं गटात स्वतःहून मांडलं आणि लिहायला हरकत घेतली नाही. मूर्तिकाराशी मी नंतर वेगळं बोललो. नावं, गल्ली, संस्था मुद्दाम सांगत नाही.

रोजच्या जगण्यात धम्म कसा आणावा यावर बरंच गोड गोड लिहिलं जातं. सकाळी दहा मिनिटं श्वास पाहा, दिवस चांगला जाईल, वगैरे. वसुलीच्या धंद्यातल्या माणसानं ते मनापासून केलं तेव्हा आधी काम बिघडलं. म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं.

खातं

कर्ज 3 लाखांचं, फेब्रुवारी 2021 मध्ये उचललेलं. व्याज 14 टक्के, मुदत 36 महिने, हप्ता दरमहा सव्वादहा हजारांच्या घरात. जामीनदार दोन. एक मूर्तिकाराचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, कायम नोकरीत, पगारदार. दुसरा गल्लीतला रंगाचा दुकानदार. पैसा लागला होता प्लास्टर, शाडू, काथ्या, नवे साचे आणि रंग यांना.

2020 आणि 2021 ही दोन्ही वर्षं करोनाची. सरकारनं मंडळाच्या मूर्तीला 4 फुटांची आणि घरगुती मूर्तीला 2 फुटांची मर्यादा घातली होती. या धंद्यात हाताला लागणारा पैसा मोठ्या मूर्तीत असतो, तो गेला. मग जुलै 2021 चा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. पाणी ती ओलांडून बरंच वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि शेडमध्ये वाळत ठेवलेल्या मूर्ती पाण्यात बसल्या. शाडूच्या मूर्तींचा गाळ झाला. प्लास्टरच्या मूर्तींच्या कडा झडल्या आणि अंगावर रंग बसेना. चतुर्थी होती 10 सप्टेंबरला.

मार्च ते जुलै 2021 असे पाच हप्ते वेळेवर आले होते, त्यानंतर काहीच नाही. 2022 मध्ये उंचीची अट उठली, धंदा जरा बरा झाला आणि गणपतीनंतर मूर्तिकारानं 60 हजार एकरकमी भरले. मग पुन्हा सामसूम. संस्थेच्या यादीत खातं लाल शाईत गेलं आणि या अधिकाऱ्याच्या वाट्याला आलं.

आळत्याहून परत

तोवर त्याची पद्धत चारचौघांसारखी होती. दारात मोटारसायकल लावायची आणि रस्त्यावरूनच आवाज टाकायचा, "काय ओ, पैसं पुरात व्हावून गेलं काय?" आतून मूर्तिकाराची आई ओरडायची, "आलास व्हय मुडद्या, बस, च्या घे." चहा व्हायचा, तू-तू मैं-मैं व्हायची, कधी पाचशे-हजार मिळायचे, बहुतेकदा नाहीच. संध्याकाळी घरी आला की डोकं दुखायचं, बायको-पोरांवर राग निघायचा. तो राग जावा म्हणून दिवाळीनंतर तो हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याला, धम्म आलय केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आला. तिथं पहिल्याच संध्याकाळी पाच शीलं, म्हणजे आचरणाचे नियम, घ्यावी लागतात. मग आर्य मौन. पहिले तीन दिवस नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून अंगभर उठणाऱ्या संवेदना, दहाव्या दिवशी मैत्रीची साधना. फी नाही. शिबिर पुरं केलेल्यालाच दान देता येतं.

राग खरंच ओसरला. घर शांत झालं. पुढच्या पौर्णिमेला तो गटात म्हणाला, "आता समोरचा कितीबी बोलू दे, आतनं काही हलत नाही." आम्ही सगळ्यांनी साधु साधु म्हटलं.

जानेवारी 2023 मध्ये तो त्याच शेडमध्ये गेला. या वेळी बाहेरून ओरडला नाही. बूट काढले, आत जाऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, मी काय दबाव टाकायला आलो नाही. फक्त एवढं ध्यानात घ्या, दाजींच्या पगारातनं कपात सुरू झाली की तुमच्या बहिणीला सासरी काय काय ऐकावं लागेल. बघा. मी नुसतं सांगतोय." आईनं त्या दिवशी चहाचं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी 25 हजार जमा झाले.

मॅनेजर खूश. अधिकारीही खूश, कारण त्याला ही साधनेची कमाई वाटली.

इथं थोडं थांबतो. फरुसा वाचा, म्हणजे कठोर बोलणं टाळावं हे आपण पाठ म्हणतो, पण कोल्हापुरात ते लावायचं कसं? इथल्या बोलण्यात शिवी नसेल तर माणूस रुसलाय असं समजतात. दारातून ओरडणारा वसुलीवाला आणि त्याला मुडद्या म्हणणारी म्हातारी यांच्यात एक नातं होतं. दोघंही दुसऱ्याला माणूस मानूनच भांडत होती. खालच्या आवाजातल्या त्या चार वाक्यांत एकही अपशब्द नव्हता, एकही खोटं नव्हतं, कारण कपात खरोखर होऊ शकत होती. तरी त्या शेडमध्ये त्याच्या तोंडून निघालेलं सगळ्यात कठोर बोलणं तेच. रागाच्या भरात तो बहिणीचं नाव काढायला धजला नसता. डोकं थंड झाल्यामुळे कुठं दाबलं की दुखेल हे त्याला स्वच्छ दिसायला लागलं होतं.

याचा दोष साधनेला देता येत नाही. आळत्याला शील आधी आणि डोळे मिटणं नंतर, हा क्रम उगीच ठेवलेला नाही. यानं शील शिबिराची प्रवेशफी समजून भरलं आणि समाधी तेवढी घरी आणली. मी पाहिलेले बरेच जण हेच करतात. ध्यानानं स्वभाव निवळला असं सांगणारे साहेब लोक ऑफिसात कुणाला किती शांतपणे घरी बसवतात, ते त्यांच्या हाताखालच्यांना विचारावं.

माघ पौर्णिमा

5 फेब्रुवारीला, माघ पौर्णिमेच्या बैठकीत वाचनाला इणसुत्त होतं. अंगुत्तर निकाय या पाली उपदेशसंग्रहाच्या छक्क निपातातलं हे सुत्त कर्जावरच आहे. निवड आधीच ठरलेली होती, त्याच्यासाठी म्हणून केलेली नव्हती. बुद्ध भिक्खूंना एकेक पायरी विचारत जातात. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे ना? दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख. त्यावर व्याज चढतं, तेही. वेळेवर दिलं नाही की लोक तगादा लावतात, तेही. मग मागं लागतात, पाठ सोडत नाहीत, तेही. आणि शेवटी बांधतात. हे सगळं दुःखच ना? भिक्खू म्हणतात, होय भन्ते.

वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ह्यात चौथी, पाचवी, सहावी पायरी माझी नोकरी आहे." कुणी हसलं नाही. गटातल्या निवृत्त शिक्षिका ताईंनी त्याला एकच विचारलं, "ते पंचवीस हजार त्यानं आणले कुठनं?" त्याला माहीत नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. पावती फाडली, विषय संपला.

दोन दिवसांनी तो पावतीपुस्तक न घेता शेडवर गेला. मूर्तिकार प्लास्टरच्या पोत्यांवर बसला होता, बोलेना. शेवटी आई बोलली. "तुमी बहिणीचं बोलून गेलासा. पोराला रात्रभर झोप न्हाई. सावकाराकडनं चाळीस हजार उचललं. शेकडा पाचनं. पंचवीस तुमास्नी, बाकीचं पलास्टर." शेकडा पाच म्हणजे महिन्याला. वर्षाला 60 टक्के. 14 टक्क्यांचं कर्ज फेडायला 60 टक्क्यांचं काढलं होतं, आणि ते ज्याच्या बोलण्यामुळे काढलं तो समोर बसला होता.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून वर्षाचा हिशेब मांडला. साधा कागद, बारा महिने, आत काय येतं आणि बाहेर काय जातं. दिवाळीनंतर साचे, माघापासून माल, उन्हाळाभर मजुरी. पैसा फक्त बाहेर जातो. मंडळांचे थोडे अॅडव्हान्स येतात ते मालातच मुरतात. श्रावणापासून चतुर्थीपर्यंत पैसा येतो, नवरात्राच्या देवीमूर्तींनी थोडी भर पडते आणि मग वर्षभर काही नाही. अशा माणसाला संस्थेनं दरमहा समान हप्ता लावला होता. आणि संस्थेची वसुलीची सगळी धडक मार्चअखेरीला, म्हणजे वर्षात त्याच्या हातात सगळ्यात कमी पैसा असतो तेव्हा. 2021 चे ते पाच हप्तेसुद्धा त्यानं कर्जाच्याच रकमेतून भरले होते.

वस्तू आहे तशी पाहणं, यथाभूत दर्शन, यावर आमच्या गटात तासन्‌तास बोलणं झालंय. माझ्या मते या प्रकरणात त्याचा पहिला खरा उपयोग त्या कागदावर झाला. खातं बुडवेगिरीचं नव्हतं. हप्त्याचं वेळापत्रकच चुकीचं होतं, आणि त्यावर मंजुरीची सही संस्थेच्याच माणसांची होती.

लिहायचं की नाही

उपाय सरळ दिसत होता, कर्जाची पुनर्बांधणी. मोठा हप्ता अनंत चतुर्दशीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा दिवाळीनंतर, बाकीच्या महिन्यांत दरमहा दीड हजार. संचालक मंडळापुढं अहवाल ठेवायचा होता. अडचण सावकाराच्या चाळीस हजारांची. अहवालात ते आलं तर मंडळ म्हणणार, आधीच बाहेर देणं आहे, याला सवलत कशाला? नाही आलं तर पुनर्बांधणी सहज झाली असती. आणि ती माहिती आईनं विश्वासानं दिली होती, साहेबाला नव्हे, चहा प्यायला येणाऱ्या माणसाला.

गटात यावर जोरात वाद झाला. एका तरुण सभासदाचं म्हणणं, न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, आणि गरीब माणूस वाचत असेल तर गप्प बसणं हीच करुणा. मला ते पटलं नाही. मज्झिम निकाय या दुसऱ्या संग्रहात अभयराजकुमाराचं सुत्त आहे. राजपुत्र अभय बुद्धांना पेचात पकडायला येतो. तथागत, म्हणजे बुद्ध, दुसऱ्याला न रुचणारं बोलतात का, हा त्याचा प्रश्न. त्याच्या मांडीवर लहान मूल असतं. बुद्ध विचारतात, याच्या घशात काडी किंवा खडा अडकला तर काय करशील? अभय म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आलं तरी, कारण मला त्याची दया आहे. मग बुद्ध सांगतात की खोटं आणि अहिताचं तथागत बोलत नाहीत, खरं पण अहिताचंही बोलत नाहीत. जे खरं आहे, हिताचं आहे पण ऐकणाऱ्याला कडू आहे, ते कधी बोलायचं याची वेळ ते जाणतात.

बहिणीबद्दलचं जानेवारीतलं बोलणं या मापानं पहिल्या पायरीवर पास होतं आणि दुसरीवर नापास. सावकाराच्या कर्जाचं तसं नव्हतं. ते खरं होतं, आणि मंडळाला माहीत नसतं तर वेळापत्रक दुसऱ्यांदा चुकीचं बनलं असतं. चाळीस हजारांचं महिना दोन हजार व्याज धरलं नाही तर दीड हजाराचा हप्ता आणायचा कुठून? इणसुत्ताच्या दुसऱ्या भागात बुद्ध तीच उतरंड मनाला लावतात. दुराचार हे कर्ज, आणि तो लपवण्याची धडपड हे त्याच्यावरचं व्याज. बैठकीत ते वाचताना कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, आता गेलं.

त्यानं ठरवलं लिहायचं. मात्र आधी शेडवर जाऊन सांगितलं. "दादा, मी हे अहवालात लिहिणार हाय. तुमच्या माघारी नको म्हणून सांगायला आलोय. आणि सावकाराकडं परवाना नसंल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकाकडं तक्रार करता येती, मी येतो संगट." मूर्तिकार म्हणाला, "त्यो गल्लीतलाच हाय, सायब. उद्या मयताला तरी तोंड दावाय लागंल का न्हाई?" आणि पुढं, "आईनं सांगितलं ती चूकच झाली." त्या दिवसापासून तो अधिकाऱ्याशी कामापुरतंच बोलतो. हे मला त्यानं स्वतः सांगितलं, आणि राग अजून आहे हेही.

हलगी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. अहवाल पुढं येण्याआधीच एका संचालकानं मार्चअखेरीसाठी टूम काढली : दहा थकबाकीदारांची यादी करू आणि दारात हलगी वाजवू. आपल्याकडं हे नवीन नाही. सहकारी कायद्यातली वाट वेगळी आहे. 1960 च्या अधिनियमातल्या कलम 101 खाली निबंधकाचा वसुली दाखला घ्यायचा, मग कलम 156 आणि नियम 107 प्रमाणे जप्ती, विक्री. त्याला वेळ लागतो, कागद लागतात, कर्जदाराला म्हणणं मांडता येतं. हलगीला काही लागत नाही. गल्ली जमा झाली की झालं.

यादीत मूर्तिकाराचं नाव होतं आणि पथकाचा प्रमुख म्हणून या अधिकाऱ्याचं.

त्याचे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वतनाच्या कामात दवंडी द्यायचे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी महार वतनं 1918 मध्येच काढून टाकली, पण शेजारच्या ब्रिटिश मुलखात ती 1958 च्या कायद्यापर्यंत टिकली. धम्मदीक्षेनंतर आजोबांनी घरातली हलगी अडगळीत टाकली आणि पुन्हा हात लावला नाही, ही त्या घरातली शंभरदा सांगितलेली गोष्ट. आता नातवानं पँट-शर्ट घालून हलगीवाल्याच्या पुढं चालायचं होतं. तो बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "मी जाणार नाही. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर तेही करू नका, असं माझं मत आहे." का, म्हणून विचारल्यावर त्यानं दोन कारणं दिली. एक, मूर्तिकाराचं खातं दमदाटीनं वसूल होणार नाही, हा कागद बघा. दुसरं, "आमच्या घरानं ही हलगी सोडलीय."

गटात नंतर कुणीतरी म्हणालं, दुसरं कारण अहंकाराचं झालं, त्यात धम्म नाही. मी याच्या पूर्ण विरुद्ध आहे. बाबासाहेबांनी धम्माची व्याख्याच माणसामाणसांतले सगळ्या क्षेत्रांतले योग्य संबंध अशी केली आहे. चारचौघांत माणसाची लाज काढणं हे आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या झालेलं आहे. त्याची आठवण ठेवून तो हात मागं घेत असेल तर त्या आठवणीला डोळे मिटून विरघळवायची काय गरज? जानेवारीत त्याला आतून काहीच हलत नव्हतं, मार्चमध्ये हललं. मला मार्च बरा वाटतो.

निकाल अर्धामुर्धा लागला. मूर्तिकाराचं नाव यादीतून निघालं. बाकीच्यांच्या दारात पथक गेलंच, दुसऱ्या माणसाच्या नेतृत्वाखाली. हा त्या दिवशी ऑफिसात बसून पावत्या लावत होता. पुनर्बांधणी पुढच्या बैठकीवर गेली आणि मग अटींसह मंजूर झाली. सावकाराचं देणं अहवालात असल्यानं मंडळानं जादा हमी मागितली : नवं वेळापत्रक सुरू होईपर्यंत दाजींच्या पगारातून कपात. म्हणजे जानेवारीत ज्याची धमकी दिली होती तेच झालं, फक्त रीतसर. कपातीचं पत्र त्यानं टपालानं न पाठवता स्वतः नेऊन दिलं, आणि बहिणीसमोर सांगितलं की हे माझ्या अहवालामुळे झालंय.

2023 ची अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरची. पुढच्या दहा दिवसांत मोठा हप्ता आला, ठरल्यापेक्षा थोडा कमी. दिवाळीनंतरचाही आला. कपात थांबली. सावकाराचं मुद्दल त्या हंगामात निम्मं फिटलं. मॅनेजरनं कर्ज अर्जात एक रकाना वाढवला आहे, उत्पन्न कोणत्या महिन्यांत येतं हा. तो भरून घेणं मात्र सक्तीचं नाही.

नोकरी सोडावी का, हाही प्रश्न गटात निघाला. सम्यक आजीविकेत उपासकानं टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. व्याजानं पैसा देणं त्यात नाही, वसुली नाही. उलट सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून दोन धंद्यात घालायला सांगितले आहेत, आणि धंदा म्हटला की उधारी आलीच. एका ज्येष्ठ बौद्धाचार्यांचं मत पडलं की यादीत नाही म्हणून शुद्ध होत नाही, रोज काय करावं लागतं ते बघ. तो नोकरीत आहे.

गटाचं एकमत झालं नाही ते दाजींबद्दल. त्या माणसानं कर्ज घेतलं नाही, उधळलं नाही, फक्त मेहुण्यासाठी सही केली, आणि पगार त्याचा कापला गेला. ताई म्हणतात, सही करताना वाचलं नाही तर ते त्याचं कर्म. तरुण सभासद म्हणतो, अशी सही गावात कुणी वाचून करत नाही, नात्यापायी करतं, आणि संस्थेला ते पक्कं ठाऊक असतं. अधिकाऱ्याकडे आता दर आठवड्याला नवीन जामीनदार सहीला येतात. तो त्यांना बाहेरच्या बाकावर बसवतो आणि अर्जदार नसताना सांगतो की यानं नाही भरलं तर तुम्हाला भरावं लागेल, पगारातनं. गेल्या महिन्यात दोघे उठून गेले. मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तू वसुलीला आहेस की कर्ज बंद पाडायला?